घोड्याला खाऊ देताना या चुका टाळा

सारंगखेड्याच्या यात्रेतून नवा घोडा घरी आला, की काही दिवसांतच मालकाचा फोन येतो: "चावतो हो." मी आधी एकच विचारतो, खिशात काय ठेवता? उत्तर ठरलेलं असतं. गूळ.

खिशातून खाऊ देणं ही सगळ्या चुकांची आई. एका हौशी मालकांची मारवाडी घोडी होती. सुरुवातीला ती नाकाने खिसा हुंगायची, घरचे कौतुकाने व्हिडिओ काढायचे. मग ती ओठांनी चाचपायला लागली, मग शर्ट ओढायला. एका सकाळी मालक फोनवर बोलत उभे, खिसा रिकामा. घोडीने शर्टासकट पोटाची कातडीच धरली. त्यांनी रागाने तिच्या तोंडावर फटका मारला. झालं! चावणं राहिलंच, वर ती डोक्याला हात लावू देईना आणि लगाम चढवायची मारामार. तिला उर्मट म्हणून मोकळे झाले. अहो, तिने शिकवलं तेवढंच केलं.

माझी पद्धत साधी आहे. खाऊची थैली कमरेला, पाठीमागच्या बाजूला. घोड्याचं तोंड सरळ समोर असेल तेव्हाच खाऊ, तोही हात लांब करून, त्याच्या छातीसमोर. तोंड माझ्याकडे वळलं की मूठ बंद. ओरडणं नाही, मारणं नाही. सवय लागलेल्या घोड्याबरोबर सुरुवातीला दांडीच्या पलीकडे उभं राहायचं, कारण तो आधी जास्त धक्के देतो. कालपर्यंत मिळत होतं, आज का नाही? नेमकं इथेच घोडं पेंड खातं. वैतागून त्या क्षणी एक तुकडा दिलात, तर जोरात ढकललं की मिळतं हा नवा धडा पक्का झाला.

दुसरी चूक उशिराची. एकांकडे नालबंद काका आले होते. मालक म्हणाले, "खूर उचलायला छान शिकवलंय." पाय उचलला, काकांनी कानस लावली, आणि घोड्याने हिसका देऊन पाय खाली टेकवला, मान वळवून मालकाकडे बघितलं. पुन्हा तेच. तिसऱ्या हिसक्याला कानस एकीकडे, काका दुसरीकडे. उठून कपडे झटकत म्हणाले, "साहेब, पाय उचलायला नाही, सोडवून घ्यायला शिकवलंय तुम्ही." खरंच होतं. मालक पाय जमिनीला टेकल्यावर गाजर द्यायचे. खाऊ ज्या क्षणी येतो, तो क्षण घोडा लक्षात ठेवतो. पाय हातात सैल पडलेला असतानाच "हां" म्हणायचं आणि लगेच खाऊ द्यायचा. तोंडाजवळ दुसरा माणूस असेल तर उत्तम. क्लिकर, म्हणजे दाबली की टक्‌ वाजणारी डबी, विकत घ्यायची गरज नाही. जिभेचा टक्‌टक्‌ आवाजही नको, त्यावर आपण घोडा पुढे हाकतो.

बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवायचा, त्याचं बक्षीस म्हणजे पाव आणि गाजर. 1907 मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की तो विचारणाऱ्याच्या डोक्याची बारीकशी हालचाल बघून थांबत होता. मालकाला याचा पत्ताच नव्हता. तुमच्या घोड्यालाही तुमच्यापेक्षा जास्त कळतंय, असं धरूनच चाला.

बाकीच्या चुका थोडक्यात.

बादली दाखवून गाडीत चढवणं: पुढचे पाय फळीवर, मान लांब, दोन घास, परत खाली. आधी पाऊल, मग घास.

गूळ: नखाएवढा खडा, तोही रोज नाही. लठ्ठ किंवा खुरांना लॅमिनायटिस (खुराच्या आतली दुखरी सूज) होऊन गेलेल्या घोड्याला अजिबात नाही. मी भिजवलेले हरभरे वापरतो, तेही त्याच्या चंदीतूनच, म्हणजे रोजच्या दाण्यातूनच, वजा करून. कोरडे हरभरे आणि गाजराच्या गोल चकत्या घशात अडकू शकतात. गाजर उभं चिरा. नाकातून चारा-लाळ यायला लागली तर दाणा-पाणी काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा.

बोटांच्या चिमटीत धरून देणं: घोड्याला स्वतःच्या ओठांसमोरचं दिसत नाही, तो ओठांनी आणि मिशांनी चाचपतो. बोट काय, गाजर काय, सारखंच. तळहात सपाट, अंगठा चिकटलेला. लहान मुलांनी घमेल्यातूनच द्यावं.

माथेरानला जाणाऱ्यांनो, घोडेवाल्याला विचारल्याशिवाय वेफर्स, बिस्किटं देऊ नका. संध्याकाळी त्याचं पोट दुखलं तर तुम्ही तिथे नसता.

आणि दरवेळी हात थैलीकडेच कशाला? चांगलं केलं की मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे, नखांनी खाजवा. वरचा ओठ लांबतो, थरथरतो, डोळे अर्धे मिटतात. व्हिडिओ बघून आठ दिवसांत घोडा तयार करायला निघालेल्यांना हे पटत नाही, कारण याला वेळ लागतो.

एरवी हावरट असलेला घोडा खाऊकडे बघतही नसेल, तर शिकवणी बंद करा. घाबरलेला असेल तर त्याला त्या जागेपासून लांब न्या. शांत जागीही तोंड फिरवत असेल, तर लीद झाली का, कुशीकडे वळून बघतोय का, हे तपासा आणि डॉक्टरांना फोन लावा.