तारामतीच्या शॉटमधून नवा प्रयोगपट

'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मधली तारामती साकारली अण्णा साळुंके यांनी. हौदातल्या प्रसंगात तिच्या सख्याही पुरुषच, ओल्या साड्यांत. बाई कुठे संपते आणि नट कुठे सुरू होतो, हे तपासायला याहून समृद्ध फुटेज मिळणं कठीण. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणून चित्र मोकळं आहे. प्रतीवर नंतर चढवलेलं संगीत मात्र काढा.

आधी फक्त तारामतीचे शॉट वेगळे करा. अमेरिकन कलाकार जोसेफ कॉर्नेलने १९३६ साली 'ईस्ट ऑफ बोर्निओ' या चित्रपटातून मुख्यतः नायिकाच ठेवून 'रोझ होबार्ट' हा लघुपट घडवला. गोष्ट विरली, चेहरा उरला.

मग वेग; घोळ होतो तो इथेच. इंटरनेटवरच्या प्रतींत बहुधा आधीच फ्रेम वाढवलेल्या असतात. एकेक फ्रेम पुढे सरकवत दुबार फ्रेम काढून टाका. मूळ वेग सेकंदाला १६ फ्रेम धरा, एडिटिंग सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन २४ ची ठेवा: एक फ्रेम एकदा, पुढची दोनदा. निम्मा वेग हवा असेल तर प्रत्येक फ्रेम तीनदा, म्हणजे हालचाल एकसारखी राहते. २५ च्या टाइमलाइनवर हे गणित बसत नाही, झटके दिसतात. फ्रेम ब्लेंडिंग आणि ऑप्टिकल फ्लो, म्हणजे सॉफ्टवेअरने मधल्या फ्रेम स्वतः बनवण्याच्या सोयी, बंदच हवेत. ते दोन फ्रेममधून तिसरी बनवताना बोटं विरघळवतात, आणि नटाचा हात हाच तर इथला खरा विषय.

चेहरा दीडपटीहून जास्त मोठा करू नका, नाहीतर नुसते दाणे उरतात. ओरखडे राहू द्या.