शरदातील फ्लाय फिशिंग: धरणाखालच्या नदीवर मासा कसा शोधावा

आश्विनाचा पहिला पंधरवडा उलटला की कोयना आणि कृष्णा या दोन्ही नद्यांचे पाणी निवळू लागते. पावसाळाभर दुधाच्या चहासारखे दिसणारे पाणी आधी हिरवट होते, मग गुडघाभर खोलीवरचा गोटा स्पष्ट दिसू लागतो, आणि तो दिसला की फ्लाय रॉड बाहेर काढायला हरकत नाही. मात्र या नद्या धरणांच्या ताब्यात आहेत. कोयनेवर कोयना धरण, कृष्णेवर वाईच्या वरच्या अंगाला धोम, वेण्णेवर कण्हेर आणि वारणेवर चांदोली, अशी ही रांग आहे. त्यामुळे आकाशाकडे पाहून दिवस ठरवणे येथे पुरेसे होत नाही. धरणातून किती पाणी सुटले आहे आणि ते वाढते आहे की उतरते आहे, हे घर सोडण्यापूर्वीच ठाऊक असावे लागते.

फ्लायने, म्हणजे पिसे आणि दोरा गळावर बांधून केलेल्या बनावट किड्याने, मासा पकडण्याची रीत मुख्यतः ट्राउट या माशासाठी विकसित झाली. ट्राउटला साधारण 20 अंश सेल्सियसच्या आतले थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते, म्हणून आपल्या देशात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा डोंगराळ भागांतल्या थंड ओढ्यांतच टिकला. परदेशात मोठ्या धरणांच्या तळाकडून सुटणारे थंड पाणी खालच्या नदीत भर उन्हाळ्यातही ट्राउट जगवते, आणि विसर्गाप्रमाणे मासा जागा कशी बदलतो याचा तिथल्या लोकांनी बारकाईने अभ्यास केलेला आहे. सातारा-सांगलीच्या पाण्यात ट्राउट नाही. पण तो अभ्यास आपल्या महसीरला चांगला लागू पडतो. महसीर, म्हणजे आपल्याकडची खडशी, हा या खोऱ्यातला मूळचा मासा आहे. सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचे वर्णन केले आणि शास्त्रीय नावात 'खुदरी' हा इथलाच शब्द ठेवला. त्याच्याखेरीज संथ पाण्यात चिलापी आणि पाणगवताच्या कडेला मरळ हे दोन्ही मासे फ्लायवर येतात, आणि नवशिक्याने सुरुवात चिलापीपासूनच करावी.

आता विसर्गाविषयी. कोयनेचे बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी जाते. पूर्वेकडे नदीत येणारे पाणी पावसाळा सरल्यावर मुख्यतः धरणाच्या पायथा वीजगृहातून येते. तेथील एक युनिट चालू असेल तर साधारण 1050 क्युसेक आणि दोन्ही असतील तर 2100 क्युसेक पाणी नदीपात्रात सोडले जाते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर, म्हणजे दोन्ही युनिटे चालली की सेकंदाला सुमारे 59 हजार लिटर पाणी तुमच्या पायांशी येणार असते. हे आकडे सतर्कतेच्या सूचनांतून आणि स्थानिक वर्तमानपत्रांतून कळत राहतात. ते वहीत तारखेसह लिहून ठेवावेत आणि आपल्या नेहमीच्या जागी पाणी वाढायला त्यानंतर किती तास लागले हेही लिहावे. दोन हंगामांत ही वही कोणत्याही पुस्तकापेक्षा उपयोगी होते.

काठावर पोचल्यावर पहिले काम म्हणजे करंजाची वीतभर काडी सोलून पांढरी करणे आणि पाण्याच्या अगदी कडेला रोवणे. दर दहा मिनिटांनी तिच्याकडे पाहावे. पाणी उतरत असेल तर काडी कोरड्यात येते आणि दगडांवर पाण्याच्या वर ओला, काळपट पट्टा दिसतो. पाणी वाढत असेल तर हा पट्टा नाहीसा होतो, काठावरचा कोरडा पालापाचोळा आणि काड्या प्रवाहात तरंगू लागतात, आणि खडकांमधला खळखळाट हळूहळू दबून नदीचा आवाज भरीव होतो. ही काडी मी हौसेने रोवत नाही. काही वर्षांपूर्वी पाटणच्या खालच्या अंगाला दोन दगडांवरून कोरड्या पायांनी मी एका सपाट खडकावर गेलो होतो. माशाच्या नादात वीस-पंचवीस मिनिटे मागे पाहिले नाही, आणि वळलो तेव्हा दुसरा दगड दिसत नव्हता. कमरेएवढ्या पाण्यातून काठीच्या आधाराने परत येताना रॉडचे टोक मोडले, तेवढ्यावर निभावले. चूक सर्वस्वी माझी होती. म्हणून परतीची वाट पाण्याखाली जाऊ शकते अशा खडकावर जाऊ नये, आणि विसर्गाचा इशारा देणारा भोंगा ऐकू आला किंवा काडीचे बूड बुडाले तर गळाला मासा असला तरी काठ गाठावा.

मासा कोठे असेल हे पाण्याच्या चालीवरून ठरते. विसर्ग स्थिर आणि कमी असेल तेव्हा महसीर डोहाच्या तोंडाशी, म्हणजे खळाळ संपून पाणी खोल होते त्या रेषेवर उभा असतो, कारण वरून वाहत येणारे अन्न तेथे आपोआप तोंडाशी येते. पाणी नुकतेच वाढू लागले असेल तर पहिला अर्धा-पाऊण तास सर्वांत मोलाचा असतो. काठावरचे किडे, खेकडे आणि अळ्या धुऊन येतात आणि मासा काठाजवळ सरकतो, तेव्हा फ्लाय नदीच्या मध्यात टाकण्याऐवजी काठापासून हातभर अंतरावर टाकावी आणि स्वतः कोरड्या, उंच जागी उभे राहावे. पाणी झपाट्याने उतरत असेल तर मासा बिथरतो आणि डोहाच्या तळाशी जातो. अशा वेळी चहा पिऊन थांबणे श्रेयस्कर. ऑक्टोबरच्या मध्यानंतर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे टाकले की आणखी एक बदल होतो: बंधाऱ्याच्या वरची वाहती नदी तळ्यासारखी संथ होते आणि महसीरपेक्षा चिलापी व मरळ यांच्या सोयीची बनते. बंधाऱ्याच्या अगदी खाली, जिथे पाणी उलटे फिरते, तेथे मात्र पाण्यात उतरू नये. ते पाणी माणसाला आत ओढते.

साहित्याविषयी थोडक्यात सांगतो. नऊ फुटांचा, सात किंवा आठ वजनाचा रॉड (हा आकडा रॉड किती जड लाइन फेकतो ते सांगतो, रॉडचे वजन नव्हे), तरंगणारी लाइन, रीलवर किमान शंभर मीटर बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागे जोडलेला राखीव दोरा, आणि नऊ फुटांचा लीडर, म्हणजे लाइन व फ्लाय यांमधला बारीक पारदर्शक दोरा, एवढे पुरते; चिलापीसाठी पाच वजनाचा रॉडही चालतो. गळाच्या टोकाजवळची उलटी बारीक आकडी पक्कडीने दाबून सपाट करावी, म्हणजे मासा सोडताना त्याचे तोंड फाटत नाही.

काठावर वाळुंज आणि करंज दाटीने असल्याने मागे लाइन फेकायला जागा मिळत नाही, म्हणून रोल कास्ट आधी शिकावा. लाइन पाण्यावरच ठेवून रॉड सावकाश मागे, खांद्याच्या थोडा पलीकडे न्यावा, लाइनचा झोळ रॉडच्या मागे लोंबू द्यावा आणि मग हातोडीने खिळा ठोकावा तसा मनगट घट्ट ठेवून पुढे झटका द्यावा. फ्लाय पाण्यावर पडली की मधल्या वेगवान धारेत लाइनला पोट सुटते आणि ते पोट फ्लायला ओढत नेते. नैसर्गिक किडा असा ओढल्यासारखा कधीच जात नाही. हे टाळण्यासाठी रॉडच्या टोकाने लाइन हलकेच उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवावी आणि हे लाइन पाण्यावर टेकताक्षणी करावे. मासा लागल्याचे जाणवले की रॉड वर उचलण्याऐवजी डाव्या हाताने लाइन सरळ मागे खेचावी, कारण महसीरचे ओठ जाड असतात आणि रॉडच्या नुसत्या उचलीने गळ रुतत नाही.

कोणती फ्लाय बांधावी याचे उत्तर काठावरच्या झाडावर असते. महसीर किडे आणि लहान मासे खातो तसा शेवाळ आणि फळेही खातो. नदीवर झुकलेल्या उंबराखाली दहा मिनिटे शांत बसून पाहावे: पिकलेले फळ 'टुप्' असा आवाज करून पडते, एखाद-दुसरा श्वास जातो, आणि मग पाण्याखालून तांबूस-सोनेरी पाठ वळते आणि फळ नाहीसे होते. त्या फळासाठी विटकरी लोकरीचे बोराएवढे गोल गाठोडे सहा नंबरच्या गळावर बांधावे, ते झाडाच्या वरच्या बाजूला टाकून फांदीखालून मोकळे वाहू द्यावे, आणि पडताना आवाज होऊ द्यावा. एरवी ज्या आवाजाने मासा पळतो, तोच येथे त्याला बोलावतो. उंबर नसेल तर वूली बगर नावाची काळसर, केसाळ फ्लाय किंवा क्लाउझर मिनो नावाची लहान माशासारखी फ्लाय वापरावी.

सांगली जिल्ह्यात एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या भागातल्या कृष्णेत मगरी आहेत. तेथे पाण्यात उतरून मासेमारी करूच नये, घाटाच्या उंच पायरीवरून करावी आणि मासा हाताने न काढता लांब दांड्याच्या जाळीने घ्यावा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीत गळ टाकण्यास मनाई आहे, आणि धरणाच्या पायथ्याचा परिसर प्रतिबंधित असतो. इतर ठिकाणी पाणी बहुधा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. तिच्या लोकांना आधी भेटून परवानगी घ्यावी. ज्यांचे पोट या नदीवर आहे त्यांना न विचारता तेथे गळ टाकणे मला पटत नाही.

महसीर पावसाळ्यात वितो, आणि शरदात त्याची बोटभर पिले काठच्या उथळ गोट्यांमध्ये असतात; त्या जागेवरून चालू नये. पकडलेला महसीर सोडूनच द्यावा. हात आधी ओले करावेत, मासा पाण्याबाहेर न काढता गळ सोडवावा, मग एक हात पोटाखाली आणि दुसरा शेपटीच्या बुडाशी धरून त्याचे तोंड प्रवाहाकडे करावे. त्याला पुढेमागे हलवू नये. कल्ले स्वतःहून उघडू-मिटू लागेपर्यंत स्थिर धरावे. काही क्षणांनी शेपटीला जोर येतो, बोटांवर थाप बसते आणि तो डोहात उतरतो.