गोळ्या चालू असताना ‘लिव्हरसाठी काहीतरी’ घेताय? या चुका टाळा

सांगली-मिरजेत औषधाच्या दुकानात उभं राहिलं की एक वाक्य रोज ऐकू येतं. गोळ्या पिशवीत टाकता टाकता गिऱ्हाईक म्हणतं, “आणि हे गरम पडू नये म्हणून नैसर्गिक काय तरी द्या की!” मी देत नाही. काहीजण रागावून शेजारच्या दुकानात जातात.

काढा डॉक्टरांपासून लपवणं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार, टीबीची औषधं चालू. त्यातल्या आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्ही गोळ्या लिव्हरवर येऊ शकतात. म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गुळवेलीचा काढा सुरू झाला, आणि पोरानं मोबाइलवरून मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकाच्या, कॅप्सूल मागवल्या. पुढं मळमळ सुरू झाली, जेवण तुटलं, डोळे पिवळे पडले. गड्यानं टीबीच्या गोळ्या बंद केल्या आणि काढा वाढवला! डॉक्टरांना काढ्याबद्दल चकार शब्द नाही, कारण “ते काय औषध नव्हं.” बायकोनं पिशवीतून बाटली काढली तेव्हा उलगडा झाला. मग सगळंच थांबवून, लिव्हरचे वाढलेले रिपोर्ट उतरल्यावर टीबीच्या गोळ्या एकेक करून पुन्हा चालू कराव्या लागल्या. लिव्हर कशानं बिघडलं, ते शेवटपर्यंत नक्की कळलं नाही.

गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये मांडलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. वाद त्यांचा ते मिटवतील, पण टीबीच्या गोळ्यांसोबत तो प्रयोग आपल्या अंगावर कशाला?

आमटीतली हळद आणि कॅप्सूल एकच समजणं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची खास ओळख सांगणारं मानांकन, मिळालं, तिच्याशी माझं भांडण नाही. हळदपुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. कॅप्सूलमध्ये बहुधा पंच्याण्णव टक्क्यांचा अर्क असतो, आणि मिरीमुळे तो रक्तात कितीतरी जास्त उतरतो. अशा कॅप्सूलनं लिव्हर बिघडल्याच्याही नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ही कॅप्सूल स्वतःच्या मनानं घेऊच नका, लसणाचीसुद्धा नाही.

बीपीसाठी लघवीची गोळी आणि रोज ज्येष्ठमध. पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं.

गुडघ्यासाठी रोज पेनकिलर, वर किडनीचा काढा. पेनकिलरनं किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, काढ्यानं तो वाढत नाही. गोळी कमी करता येईल का ते डॉक्टरांना विचारा आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या.

चिठ्ठीतली खरी ढाल गाळणं. याची मला मनापासून चीड आहे. आयसोनियाझिडसोबत बी-6 देतात ते हातापायांच्या नसा वाचवायला. संधिवाताच्या मेथोट्रेक्सेटसोबत फॉलिक अॅसिड देतात, तेही त्या गोळीचा त्रास कमी व्हावा म्हणून. लोक म्हणतात, “ही ताकदीची गोळी राहू द्या,” आणि तेवढ्यात वाचवलेल्या पैशांत भर घालून महागडा लिव्हर टॉनिकचा डबा नेतात.

माझी पद्धत साधी आहे. घरात जे जे पोटात जातं, काढ्या-चूर्णासकट, ते सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओतायचं. नवीन काही चालू करायच्या आधी लिव्हरचा एक रिपोर्ट हातात ठेवायचा. यूट्यूब बघून एका दमात चार वस्तू सुरू करणाऱ्यांना हे फार लांबण वाटतं. वाटू दे.

रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात बघा. तो पिवळा दिसला, किंवा उलट्या आणि अन्नाचा तिटकारा सुरू झाला, तर पिशवीसकट त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.