टाच लाल झाली? मलम राहू द्या, आधी उशी आणा

मी हाडांच्या वॉर्डात सिस्टर होते. निवृत्त झाल्यावरही ओळखीपाळखीतून फोन येतात, आणि पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: "सिस्टर, आई अंथरुणाला खिळलीय, टाच लाल झालीय, काय लावू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आत्ता काही लावू नका, टाच गादीवरून उचला.

टाचेला मांस जवळजवळ नसतंच. कातडी, थोडी चरबी, की लगेच हाड. माणूस उताणा पडून राहिला की पायाचा भार बंद्या रुपयाएवढ्या जागेवर येतो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात आणि कातडीला रक्त मिळेनासं होतं. हा भार आहे तोवर कितीही महागाचं मलम चोपडा, फरक पडत नाही.

लाल दिसली म्हणजे बेडसोअरच (पडून राहून दाबाने होणारी जखम), असंही नाही. लाल जागेवर बोटाने चार-पाच सेकंद दाबा आणि सोडा. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय; भार काढला की लाली थोड्या वेळात जाईल. दाबूनही लाल ती लालच राहिली, तर बेडसोअरची सुरुवात झाली असं धरा. आपल्याकडच्या सावळ्या पायांवर लाली कळतेच असं नाही. तिथे जांभळट किंवा काळपट छटा बघा आणि हाताने चाचपा: दुसऱ्या टाचेपेक्षा ही गरम, टणक किंवा पिलपिलीत लागते का? मधुमेह असेल किंवा लकव्याने पाय बधिर असेल, तर "दुखत नाही हो" या उत्तरावर विसंबू नका.

आता उशी. गुडघ्याच्या खालपासून घोट्याच्या वरपर्यंत, पोटरीखाली लांबीने उभी ठेवायची. पायाचा भार सगळ्या पोटरीवर पसरला पाहिजे आणि टाच अधांतरी राहिली पाहिजे. टाच आणि गादीमधून हात सहज आरपार गेला, की जमलं. गुडघा अगदी ताठ नको, किंचित वाकलेला हवा. ऑपरेशन झालं असेल तर पायाची ठेवण सर्जनना विचारून घ्या. घरची जुनी कापसाची उशी तासाभरात दबते आणि टाच पुन्हा गादीला टेकते, म्हणून घट्ट उशी घ्या किंवा ब्लँकेटची जाड घडी करा. नुसत्या घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवतात, ते मला मुळीच पटत नाही. टाच वाचते, पण टाचेच्या वर मागे असलेल्या जाड दोरीसारख्या धोंडशिरेवर नवी जखम होते. एअर बेड आणला म्हणून उशी सोडू नका, त्याच्यावरही टाच उचलावीच लागते.

टाचेखाली पाण्याने भरलेले रबरी हातमोजे, मधे भोक असलेली रिंग, हे सगळं मी वॉर्डात पाहिलंय. नका वापरू. रिंगच्या कडेने उलट रक्त अडतं. आमच्या ट्रेनिंगच्या काळी स्पिरिट आणि पावडर लावून चोळायला शिकवायचे. आता ते मोडीत निघालंय: लाल जागा चोळायची नाही, आतलं नाजूक झालेलं मांस चोळण्याने आणखी दुखावतं. स्पिरिट, डेटॉल, हळद, काही नको. कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडं करा, कातडी भेगाळली असेल तर आजूबाजूला खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा. आणि बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी कधीही नाही.

खुब्याचं हाड मोडलेल्या आजी-आजोबांच्या घरी लोक दुखऱ्या पायाकडे डोळ्यात तेल घालून बघतात. मी चादर उचलते ती चांगल्या पायावरची. वर सरकायचं असलं की माणूस धडधाकट पायाची टाच गादीत रोवून जोर लावतो, दिवसातून कितीतरी वेळा, आणि घासून तीच टाच आधी जाते. म्हणून वर घेताना दोघांनी कमरेखालच्या दुहेरी चादरीला धरून उचलायचं, ओढायचं नाही. डोक्याकडची बाजू जेवणापुरती उंच करा, एरवी ३० अंशांपेक्षा कमी ठेवा, नाहीतर माणूस खाली घसरतो आणि टाचा घासतात.

दर दोन तासांनी कूस बदला. कुशीवर असताना दोन्ही घोट्यांच्या मधे उशी हवी. थंडीत जड गोधडी पायाच्या बोटांवर दाब देते; त्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन बाजू कापून ते पायांवर पालथं ठेवा आणि गोधडी त्याच्यावरून घ्या. दिसायला गबाळं दिसतं, पाहुणे विचारतात. विचारू देत. खुर्चीत बसवलंत तर टाच लाकडी स्टुलावर टेकवून ठेवू नका. मोज्यांचं इलॅस्टिक रुतत असेल तर मोजे बदला.

रोज सकाळी त्याच उजेडात मोबाइलवर टाचेचा फोटो काढा. रात्रीच्या मावशी वेगळ्या असतील तर त्यांनाही उशी कशी ठेवायची ते हाताने करून दाखवा, सांगून लक्षात राहत नाही. जेवणात अंडं, दूध, डाळ, मासे, जे चालत असेल ते वाढवा. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

भार काढूनही दोन दिवसांत लाली ओसरायला लागली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल किंवा पाय गार पडत असेल, तर दोन दिवसही थांबू नका. कातडी फाटली, पाणी किंवा पू आला, वास सुटला, लाली वर चढली, ताप आला, तर त्याच दिवशी. प्लास्टरच्या आत टाच ठणकत असेल तरी त्याच दिवशी, आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. फोड आला तर फोडू नका, रक्ताने भरलेला जांभळा फोड तर मुळीच नाही. काळी, कोरडी, घट्ट खपली धरली असेल तर ती घरी कापायची किंवा भिजवून सोलायची नाही. ती कोरडी आणि घट्ट असेपर्यंत डॉक्टरसुद्धा बहुतेकदा तिला हात लावत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात. कडेने ओली झाली, सुटायला लागली किंवा भोवती सूज आली, की रिक्षा करा आणि न्या.