वसंतात टेकडीवरची फुलं: शोधायची कशी, टिपायची कशी

पुण्यात रानफुलं म्हटलं की सगळ्यांना श्रावण-भाद्रपद आठवतो. तेव्हा फुलं पायाशी असतात. फाल्गुन-चैत्रात मात्र गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि फुलं डोक्यावर, पानं झडलेल्या फांद्यांवर असतात. त्यामुळे मान वर ठेवूनच चालायचं.

फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ चांगला. सिंहगडाची आतकरवाडीची वाट, वेताळ टेकडी किंवा ताम्हिणीकडचा रस्ता धरा. उजाडताच निघा, दहानंतरचं ऊन रंग खाऊन टाकतं. पाणी भरपूर घ्या.

१. आधी कान द्या. लाल फुलांत मकरंद पुष्कळ, म्हणून पळसमैना, बुलबुल, कोतवाल यांचा गलका जिथे चालू असेल तिथे वळा.

२. लाल दिसलं की लगेच पळस म्हणू नका. पळसाची कळी काळपट मखमली देठातून निघते आणि फुलाची एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असते. पांगाऱ्याची फुलं फांदीच्या टोकाला गुच्छाने येतात, फांद्यांवर काटे असतात. काटेसावरीचं फूल जाड, पाच पाकळ्यांचं, मधे पुंकेसरांचे झुबके. ते अख्खं खाली पडतं, त्यामुळे झाडाखालीच निवांत बघता येतं. ‘पळसाला पानं तीनच’ खरं, पण पांगाऱ्यालाही तीनच, तेव्हा पानावर भिस्त नको.

वेताळ टेकडीवरचे फिकट गुलाबी बहर ‘पुण्यातली चेरी ब्लॉसम’ म्हणून फिरतात. ते गिरिपुष्प, मूळचं मध्य अमेरिकेकडचं, इथे लावलेलं. फोटो जरूर काढा, रानफूल म्हणू नका.

३. फोटोंची सुरुवात धायटीने करा. झुडूप कमरेएवढं, शेंदरी नळ्यांसारखी फुलं फांदीभर, पुंकेसर बाहेर डोकावणारे. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला हीच फुलं घालतात. झूम लागत नाही, गुडघ्यावर बसलं की काम होतं.

४. लाल रंगाची खोड अशी की मोबाईलमध्ये तो सपाट डाग होतो, पाकळीच्या शिरा गायब. फुलावर बोट टेकवून फोकस घ्या आणि शिरा दिसेपर्यंत उजेडाची पट्टी खाली ओढा. उन्हाकडे तोंड करून उभं राहिलात तर पळसाची पाकळी आतून पेटल्यासारखी दिसते. मागे पांढरं आभाळ आलं तर फोटो फुकट, दोन पावलं सरकून डोंगराचा उतार मागे घ्या. वारा असेल तर थांबा, झुळकांच्या मधे क्षणभर फांदी स्थिर होतेच.

५. प्रत्येक झाडाचे चार फोटो हवेत: फूल समोरून, फूल बाजूने, खोड आणि अख्खं झाड. फांदी वाकवू नका, तोडू तर नकाच. डोंगरावर धूर दिसला तर कॅमेरा आत टाकून उतरायला लागा, वाळल्या गवतात वणवा झपाट्याने पसरतो.

नाव अडलं तर हे चारही फोटो आयनॅचरलिस्टवर (झाडं-प्राणी ओळखायला लोक एकमेकांना मदत करतात ते ॲप) एकाच नोंदीत टाका. नुसत्या फुलाच्या क्लोजअपवरून ओळखणारेही चुकतात. खोडावरचे काटे दिसले की पुष्कळदा वाद तिथेच मिटतो.