चासी आधी, सुतार नंतर: जुन्या बोनेटवाल्या लॉरीचं १:३२ मॉडेल

आमच्या मामांची गाडी टाटा-मर्सिडीज होती, पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तारा असलेली. मुंबईत कॉटन ग्रीनच्या गोदामातून माल भरायची. मी लहानपणी केबिनमध्ये चढायचो तेव्हा हाताला लागायचं ते लाकूड, पत्रा नाही. हे आधीच सांगतोय कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्या काळी कंपनीकडून यायची ती नुसती चासी, म्हणजे इंजिन, बोनेट, चाकं आणि ड्रायव्हरच्या पुढ्यातला पत्रा. केबिन आणि माल भरायचा हौदा बॉडी बिल्डरकडे सुतार करायचे, म्हणूनच कुठल्याही दोन गाड्या तंतोतंत सारख्या नसायच्या. तर १:३२ चं, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढं, मॉडेलही त्याच क्रमाने करायचं, आधी चासी पूर्ण, मग सुतारकाम, मग पेंटर, मग ताडपत्री. मी सुरुवातीला खेळण्यातला ट्रक घेऊन नुसता रंगवायचो आणि तो खेळण्यातलाच दिसायचा.

कुठली गाडी करायची ते आधी पक्कं करा. टेल्कोने, म्हणजे टाटांच्या ट्रक कंपनीने, डाइमलर-बेंझबरोबर करार करून १९५४ मध्ये ट्रक सुरू केले, तो करार १९६९ मध्ये संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचा टी आला. त्यामुळे तारा लावणार असाल तर बाकीची गाडीसुद्धा त्याच काळातली हवी. अस्सल मुंबईची गाडी हवी असेल तर कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या डॉज आणि फार्गो आहेत, किंवा त्याहून जुनी शेवरले घ्या, जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ साली सुरू झाला होता. मी खाली टाटा-मर्सिडीजचंच सांगतो, रीत सगळ्यांना तीच.

बेस म्हणून पुढे बोनेट असलेला कुठलाही प्लॅस्टिकचा ट्रक चालतो, पण चाक मोजून घ्या. दुकानात जाताना खिशात पट्टी ठेवा. खऱ्या गाडीचा ९.००-२० मापाचा टायर साधारण १०२ सेंमी उंच असतो, त्याला ३२ ने भागलं की ३२ मिमीच्या आसपास येतं. म्हणजे खेळण्याचा टायर ३२ मिमीचा असेल तर ते चाक १:३२ ला चालेल. केबिन-हौदा लहानमोठा असला तरी बिघडत नाही कारण तो आपण तसाही फेकणार आहोत, पण चाक चुकलं की शेवटपर्यंत डोळ्याला खुपतं. चोर बाजारात मटण स्ट्रीटला फिरलात तर तुटके जुने ट्रक मिळतात, टायर चांगले असले की बस.

याच टायरवरून बाकीची मापंही निघतात. गाडीचा अगदी बाजूने, सरळ काढलेला फोटो शोधा, तिरपा नको. माझ्याकडच्या फोटोत टायर २३ मिमी भरला आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ९५ मिमी. ९५ भागिले २३ म्हणजे ४.१३, गुणिले १०२ सेंमी, म्हणजे ४.२ मीटर, आणि त्याला ३२ ने भागलं की १३२ मिमी. माझ्या खेळण्यात हेच अंतर १०८ मिमी होतं, म्हणजे चासी २४ मिमीने लांबवायची. बोनेटची उंची, केबिनची खोली, सगळं याच हिशोबाने काढा आणि एका कागदावर मॉडेलच्या मापात बाजूचं चित्र काढून भिंतीला लावा.

आता कापायचं. खालचे स्क्रू काढा, चासी दोन्ही चाकांच्या मधोमध हॅकसॉच्या पात्याने कापा, कटरने नाही, कटर घसरतो. दोन तुकडे चित्रावर ठेवून मध्ये १ मिमीच्या प्लॅस्टिक शीटच्या पट्ट्या अरल्डाइटने चिकटवा, आतून एक लांब पट्टी टेकू म्हणून द्या आणि रात्रभर हात लावू नका. मागच्या चाकांना जोडचाकं हवीत, खेळण्यात बरेचदा एकच रुंद चाक असतं, त्याच्या मधोमध पात्याने खाच पाडली तरी काम भागतं पण दुसऱ्या खेळण्याची चाकं लावाल तर मजा वेगळीच.

पाट्यांवर, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, वेळ घालवा. बाजूने बघणाऱ्याची नजर तिथेच जाते आणि लोक हेच काम टाळतात. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या २ मिमी रुंद पट्ट्या कापा, आठ, प्रत्येक पुढची थोडी आखूड. पेन्सिलीवर हलकं वळवून बाक द्या, फेविकॉलने एकावर एक चिकटवा आणि वायरमधल्या तांब्याच्या एका तारेने मधोमध दोन वेढे द्या, खऱ्या गाडीत तिथे यू-बोल्ट असतो. मागचे पाटे जाड करा. रिकाम्या गाडीचे पाटे कमानीसारखे असतात आणि भरलेल्या गाडीचे जवळपास सपाट होतात, तेव्हा हौद्यात पोती दाखवणार असाल तर बाक कमी ठेवा.

नाकाला एम-सील, म्हणजे दोन भाग मळून लावायची पुटी. टाटा-मर्सिडीजचं बोनेट आणि मडगार्ड गोलाकार, दिवे मडगार्डातच बसवलेले. एम-सीलचे दोन्ही भाग एकत्र मळा, खेळण्याच्या बोनेटला आधी पॉलिश पेपर मारून खरबरीत करा नाहीतर एम-सील सुकल्यावर पापुद्र्यासारखं सुटतं, मग ओल्या बोटाने आकार द्या. पहिल्या दिवशी थोडं जास्तच लावा, दुसऱ्या दिवशी पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने घासून खाली आणा. एक मडगार्ड झालं की पुठ्ठ्यावर त्याचा आकार कापून घ्या आणि तोच पुठ्ठा उलटा करून दुसऱ्याला लावून बघत घासा, डोळ्याच्या अंदाजाने दोन्ही बाजू कधीच सारख्या येत नाहीत.

मग सुतारकाम, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच. आइस्क्रीमची काडी साधारण १० मिमी रुंद असते, ती उभी अर्धी केली की ५ मिमीची फळी मिळते, म्हणजे खरी १६ सेंमीची. हौदा १७ फुटी धरला तर मॉडेलमध्ये १६२ मिमी, रुंदी ७ फूट म्हणजे ६७ मिमी. काड्या लांबीला पुरत नाहीत म्हणून जोड द्यावा लागतो, तो लपवू नका, फक्त सगळ्या फळ्यांचे जोड एका रेषेत येऊ देऊ नका. उभे लोखंडी अँगल पातळ पुठ्ठ्याचे करा आणि बोथट टाचणीने मागून दाबून रिव्हेटचे उठाव आणा. मागच्या फाळक्याची, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेची, साखळी भुलेश्वरला इमिटेशन ज्वेलरीच्या दुकानात सगळ्यात बारीक मागा. फाळका तारेच्या बिजागरीवर उघडता ठेवा, पाहुण्यांची पोरं पहिलं तेच उघडतात. केबिनचं टप, म्हणजे छप्पर, थोडं पुढे आलेलं असू द्या, त्याच्या कपाळावर पब्लिक कॅरिअर लिहायचंय.

रंगाच्या आधी मुंबईच्या हवेचं बोलू. एका जुलैत रात्री गॅलरीत मी लॅकरचा स्प्रे मारला आणि सकाळी अख्खं बोनेट दुधासारखं पांढुरकं झालं होतं. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगात अडकते. नुसत्या थिनरचा अगदी हलका फवारा कोरड्या दिवशी मारला तेव्हा बरंचसं गेलं. तेव्हापासून स्प्रेचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पावसाळ्यात फक्त सुतारकाम आणि ब्रशने अ‍ॅक्रिलिक. प्राइमरचे हात पातळ, दोन-तीन, एकदम जाड मारला तर प्लॅस्टिक खातो. काचांच्या जवळ फेविक्विक वापरू नका, त्याची वाफ काचेवर पांढरी बसते, तिथे फेविकॉलच.

नक्षी थेट गाडीवर काढू नका. पातळ कागदाच्या पट्टीवर आधी पिवळा हात, सुकल्यावर लाल अक्षरं, मग एकाच बाजूला काळी सावली, तीन शून्याच्या, म्हणजे अगदी बारीक, ब्रशने. कमळ, मोर, गाय-वासरू जे हवं ते, चुकलं तर पट्टी बदलता येते. नंबर प्लेटवर एमएच-०१ लिहू नका, ती पद्धत १९८९ नंतरची, आधी तीन अक्षरं आणि मग आकडे असायचे.

धुळीसाठी महागड्या पावडरी लागत नाहीत. गेरू मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या, मडगार्डच्या आत आणि हौद्याखाली कोरड्या ब्रशने लावा, घाटातून आलेल्या गाडीला तोच लाल रंग चढतो. धुराड्याच्या तोंडाशी समईची काजळी, हौद्याच्या तळाला जिथे पोती घासतात तिथे रंग पॉलिश पेपरने उडवून लाकूड उघडं करा. वरून मॅट वार्निशचा हलका हात, नाहीतर हात लावला की सगळं बोटाला येतं.

ताडपत्री अगदी शेवटी. जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाण्यात बुडवा, पिळा, हौद्यावर टाका आणि ओली असतानाच कोपरे मोडा. मामा कोपरा आधी आत दुमडायचे, मग त्यावरून बाजूचा पदर घ्यायचे, म्हणजे पाणी आत जायचं नाही, तशीच घडी घाला. दोर म्हणून गोधडीचा दोरा मेणावरून ओढून घ्या, एका बाजूच्या हुकातून दुसऱ्या बाजूला तिरका, आणि शेवटची गाठ ड्रायव्हरच्या बाजूला मारा.