खणाचं फुलपाखरू कापताना धागे सुटू नयेत म्हणून

खणाच्या उरलेल्या तुकड्यातून केसांच्या क्लिपसाठी फुलपाखरू कापायला घेतलं की कडेचे धागे सुटतात आणि पंख लोंबतात. उपाय सोपा आहे: आधी कडक करा, मग कापा.

१. फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळा. तुकडा प्लॅस्टिकच्या कागदावर उलटा पसरून मागच्या बाजूने ब्रशने पातळ थर द्या. पुढून लावलं तर चकाकी राहते आणि खणाची वीण झाकली जाते.

२. सावलीत वाळू द्या. किंचित ओलसर असतानाच मधोमध दुमडून पंखांना बाक द्या, कारण पूर्ण वाळल्यावर तो नीट बसत नाही. मग रात्रभर ठेवा.

३. धारदार कात्रीने आकार कापा, मध्ये तांब्याची बारीक तार गुंडाळून मिशा काढा आणि क्लिपवर टाके घाला.

साबुदाण्याची खळही मी लावून पाहिली. पावसाळी हवेत दोन दिवसांत पंख मऊ पडले.

रंगांसाठी मला ब्लू मॉरमॉन फार आवडतं, आपलं राज्य फुलपाखरू. काळ्या खणावर निळ्या कापडाचे ठिपके, मागच्या पंखांची कड नागमोडी. लेकीच्या स्नेहसंमेलनासाठी केलेली क्लिप अजून ताठ आहे.

एक मात्र सांभाळा. गडद खणाचा रंग कधीकधी जातो, म्हणून आधी कोपऱ्यावर ओला पांढरा कपडा दाबून बघा. तयार क्लिप पाण्यात बुडवू नका, फेविकॉल पुन्हा मऊ होतो.